अंगठा दाबून

वेर्ण्याच्या शेडमध्ये नवा कॅम्पर उभा होता,
खिडक्यांवर प्लास्टिक, गादीवर प्लास्टिक,
आत गोंदाचा वास, डोळ्यांत पाणी आणणारा.
विकणारा पोरगा म्हणाला, काका, पाच वर्षं बघायला नको.
नऊ लाख ऐंशी. वर कर. वर पासिंग.
सुलक्षाने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
दाराने चकार शब्द काढला नाही.

चौतीस वर्षं मी फेरीबोट हाकली,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
सगळं मोजलं तर पृथ्वीला तीन-चार वेढे होतील,
आणि गेलो कुठे? चोडणला.
फंडाचे पैसे आले त्या रात्री ही म्हणाली,
आता अशा ठिकाणी जायचं
जिथून संध्याकाळी परतायचं नसतं.
मी दचकलो.
म्हणाली, म्हणजे गोकर्ण-बिकर्ण हो.

असोळण्याला, कायतानच्या माडांत, दुसरा.
तेरा वर्षांचा. मूळ रंग कुठला
ते कायतानलाही आठवेना.
मुलं स्विंडनला. ओढायला जीप आहे,
आत बसून भांडायला कोणी नाही, म्हणाला.
तीन लाख चाळीस.

मी गुडघ्यांवर बसलो.
बोटीचं बूड तपासायचो तसा
हातोडीने ठोकत ठोकत सरकलो.
चांगलं लोखंड उत्तर देतं,
खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं नुसतं ऐकून घेतं.
चासी बोलत होती. डावा पाटा गप्प.
टायरच्या कुशीवर चार आकडे, आठवडा आणि साल.
पळय, नक्षी कशी कोरी! कायतान म्हणाला.
नक्षी कोरी, बाब, पण रबर माझ्या वयाचं.

सुलक्षाने आत सिंकखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबला.
तो उंड्यात जावा तसा गेला.
तिने बाहेर काढून आम्हा दोघांना दाखवला,
बोलली काहीच नाही.
कायतानने आपण होऊन चाळीस सोडले.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी आकडे मांडले.
नव्याच्या बाजूने बराच वेळ बोललो,
वॉरंटी, माझे गुडघे, रस्त्यात कोण बघणार.
हिने एकच शब्द टाकला: घसारा.
तीस वर्षं लेखा खात्यात;
हा शब्द ती देवाचं नाव घ्यावं तसा घेते.
शेडमधून बाहेर ओढला की लाख गेला, म्हणाली.
बंगळूरहून मुलगी ओरडली, दुसऱ्याच्या गादीवर झोपणार तुम्ही?
गादी नवी घेऊ, आणि तुझा पाळणा
कुणाकडून आणला होता, विचार बाबांना.

घेण्याआधी एक रात्र झोपून बघा, कायतान म्हणाला.
नोव्हेंबर होता. दव माडांवरून टपटपत होतं.
कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलेलं:
कारवार, एकवीस लिटर.
याणा, नेव्हिलला दोनदा उलटी.
दांडेली, किल्ली हरवली, सापडली.
त्याखाली हातभर कोरं.
मी कूस बदलली तर सगळं घर बदलायचं,
काठाला लागताना बोट हलते तसं.

दोनच्या सुमाराला माझ्या कपाळावर थेंब.
मग दुसरा, त्याच जागी, शिस्तीत.
झालं, मनात म्हटलं, वेर्णाच.
ही उठली, बॅटरी घेतली,
छताच्या शिवणीवरून बोट फिरवत गेली
आणि एका जागी थांबली.
इथून, म्हणाली.
ताळेबंदात साडेतीन रुपये सापडले की
व्हायचा तसाच चेहरा.

सकाळी कायतान गरम पोई घेऊन आला.
त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.
पोई खाल्ली. चहात साखर जास्त होती.

मडगावात ही म्हणाली, जरा थांबवा.
हार्डवेअरच्या दुकानात गेली.
मला वाटलं, न्हाणीघरातला बल्ब.
बाहेर आली ती सीलंटच्या दोन ट्यूबा घेऊन,
आणि बिल.
बिल तिने नीट घडी करून पाकिटात ठेवलं.